पांगाऱ्याच्या विमानाचा दुसरा डोळा

मित्रांनो, मी एक जुने लाकडी विमान आहे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे, वीतभर लांब, हातभर काठीच्या टोकावर बसवलेले. आकाशात मी कधी उडाले नाही. जव्हारच्या एका घरात, पुस्तकांच्या कपाटावर, मी सात वर्षे पडून होते. माझी गोष्ट तशी छोटी आहे, पण ती सुरू करण्याआधी मला एका पत्राची आठवण काढावी लागेल. ते माझे मालक बळवंतराव यांना मागच्या श्रावणात आले होते. त्यात एकच प्रश्न विचारला होता आणि त्याला जूनच्या आत उत्तर हवे होते. होळी आली तरी बळवंतरावांनी ते लिहिले नव्हते. पत्राला उत्तर न देण्याइतका माझा मालक उद्धट नाही. दारात पेपरवाला आला तरी हे गृहस्थ आधी आपल्या शर्टाची बटणे तपासतात. अशा माणसाने आठ महिने पत्र दाबून ठेवावे, याला कारण होते. आणि ते कारण म्हणजे मीच. खरे सांगायचे तर माझा डावा डोळा.

विमानाला डोळा कसा, असे तुम्ही म्हणाल. तेच तर सांगायचे आहे.

बावीस वर्षांपूर्वी बळवंतराव हवाई दलात शिकवत असत. ते वैमानिक नव्हते. चष्म्यामुळे ते दार त्यांना लहानपणीच बंद झाले होते. पण लढाऊ वैमानिकांना विमानात बसण्याआधी जमिनीवरच्या वर्गात पुष्कळ शिकावे लागते, आणि तो वर्ग ते घेत. त्यांचा विषय होता जमिनीवरून विमानावर सोडलेले क्षेपणास्त्र कसे चुकवायचे. वर्गातले प्लास्टिकचे विमान एका उन्हाळ्यात मोडले. बळवंतराव सुट्टीवर गावी आले, तेव्हा मासिकातले एक चित्र घेऊन जामसरच्या रंगूकडे गेले.

रंगू मुखवटे करणारा. मोखाड्याच्या बोहाड्यात देव आणि दैत्य मुखवटे लावून नाचतात, तेव्हा त्यातले निम्मे मुखवटे रंगूच्या हातचे असत. तो स्वतःही दैत्याचा मुखवटा लावून नाचे. विमान त्याने पाहिले होते ते फक्त डोंगराच्या वर, पांढऱ्या रेघेच्या टोकाला. त्याने चित्र उलटसुलट करून पाहिले आणि चार दिवसांत मला घडवले. पंख नीट, शेपूट नीट. आणि सगळ्यात शेवटी, आपल्या घरच्या रीतीप्रमाणे, त्याने माझे डोळे उघडले. नाकाच्या मागे, उजव्या बाजूला एक आणि डाव्या बाजूला एक. चांगले टपोरे, काळ्या बुबुळांचे.

बळवंतरावांनी मला हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिले. मग हळूच म्हणाले, “रंगूदादा, विमानाला डोळे नसतात.”

“मंग त्याला दिसतं कसं?” रंगूने विचारले. रंगू सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतो आणि सगळ्यांना उलट प्रश्न विचारतो.

“आत माणूस असतो ना.”

“माणसाला तं पुढचाच दिसतं,” रंगू म्हणाला.

डोळे खरवडून द्या, असे सांगायची बळवंतरावांना लाज वाटली. पण त्यांचा चेहरा रंगूने वाचला. तो मला फडक्यात गुंडाळून देताना एवढेच म्हणाला, “नको वाटलं तं काढून टाक. तुझा इमान हाय.” बळवंतराव त्याच्याकडे न पाहताच निघाले.

तळावर पोचल्यावर बळवंतरावांनी माझ्या दोन्ही डोळ्यांवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले. पहिल्याच तासाला, ऐन शिकवताना, उजवीकडचा तुकडा घामाने सुटून खाली पडला. वर्गात हशा पिकला. बळवंतरावांचे कान लाल झाले. तेवढ्यात मागून एकजण हसत म्हणाला, “सर, हे विमान क्षेपणास्त्राकडे डोळे वटारून बघतंय!”

बळवंतरावांनी डावीकडचा तुकडाही काढून टाकला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग दुसऱ्या हातातल्या खोट्या क्षेपणास्त्राकडे पाहिले. आणि मग त्यांनी जो धडा दिला, तो पुढे पंधरा वर्षे चालला.

तो धडा तुम्हालाही सांगते. जमिनीवरचे रडार विमानावर रोखले गेले की वैमानिकाच्या कानात एक कर्कश सूर वाजू लागतो. घाबरलेला माणूस लगेच पाठ फिरवून पळतो. तीच चूक. क्षेपणास्त्र विमानापेक्षा कितीतरी वेगवान असते, सरळ पळणाऱ्याला ते सहज गाठते. म्हणून पळायचे नाही, आधी ते शोधायचे. सुटताना त्याच्या मागे धुराची रेघ दिसते, पण त्याचे इंधन थोड्याच सेकंदांत जळून जाते आणि मग धूर नाहीसा होतो. त्याआधी ते नजरेत धरावे लागते. विमानाच्या काचेवरून ठिपका सरकत जात असेल तर ते दुसऱ्या कुणासाठी आहे. पण ठिपका काचेवर एकाच जागी थांबून मोठा होत चालला असेल, तर ते आपल्याकडेच निघाले आहे.

“आता याचा उजवा डोळा बघा,” बळवंतराव माझी काठी फिरवून सांगत. “डोळा पुढे नाही, बाजूला आहे. क्षेपणास्त्र नाकासमोर घेऊ नका, शेपटामागेही घेऊ नका. याच्या डोळ्यात घ्या. तिथं ते तुम्हाला दिसत राहतं, रडारला तुम्हाला धरून ठेवणं अवघड जातं, आणि क्षेपणास्त्राला सारखं वळत राहावं लागतं. मग खाली सूर मारा. तेही वाकलं म्हणजे ते तुमच्यामागेच आहे. आणि आता सगळ्यात कठीण काम. थांबा. लवकर वळलात तर त्याला सुधारायला वेळ मिळतो. एक, दोन, तीन, चार... ते अगदी जवळ आलं की त्याच्याच दिशेनं, अंगातली सगळी ताकद लावून, वर वळा. इतक्या वेगात जाणाऱ्याला एवढं अरुंद वळण घेता येत नाही. ते निघून जातं.”

वळताना ते खिशातून चॉकलेटच्या चांदीचे बारीक तुकडे काढून हवेत उधळत. खरे विमानही चमकणाऱ्या तंतूंचा असाच ढग सोडते आणि रडारला चकवते. टेबलावरची जाड पुस्तके म्हणजे डोंगर, आणि त्यांच्या आड मी लपत असे. आणि क्षेपणास्त्र? ती होती आशालताबाईंची, म्हणजे बळवंतरावांच्या पत्नीची, विणायची एक लोखंडी सुई. टोकाला लाल कागद डकवलेली. ती त्यांनी घरातून न विचारता उचलून आणली होती.

ते माझे वैभवाचे दिवस होते, मित्रांनो. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुले माझ्या डोळ्यांना हात लावून जात. काहींनी आपल्या वहीच्या पहिल्या पानावर माझा डोळा काढला होता. मोठे अधिकारी वर्गात आले की मला हातात घेऊन विचारत, “कुणाची कल्पना ही?” बळवंतराव पुटपुटत, “गावाकडच्या एका कारागिराची.” पण त्या कारागिराला मात्र त्यांनी हे कधी कळवले नाही. दर सुट्टीत जामसरला जायचे ठरे. दर सुट्टीत ते आपल्या पुस्तकांत गुंतून जात. डोळ्यांचे नाव काढले तर रंगूदादाला वाटेल आपण चेष्टा करतो आहोत, असेही त्यांना वाटे. त्यांना नेहमीच काहीतरी वाटत असते.

शेवटच्या तुकडीत अवंती नावाची एक मुलगी होती. मागच्या बाकावर बसणारी, पेनची टोपणे चावणारी. वर्गात ती कमी बोले, पण तास संपल्यावर थांबून मराठीत शंका विचारी. तिच्या बोटांत मी पुष्कळदा फिरले. बळवंतराव निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांनी मला त्यांच्याच हातात ठेवले. सुई मात्र तळावरच कुठेतरी हरवली. मी जव्हारला आले आणि कपाटावर गेले.

वर्गातल्या टाळ्यांनंतर कपाटाची धूळ जड वाटते. पहिल्या पावसाळ्यात मला बुरशी आली. दुसऱ्या वर्षी एका पालीने माझ्या पंखाखाली अंडी घातली. माझ्या बुबुळांचा रंग उडत गेला. खाली बळवंतराव रोज पुस्तके वाचत आणि मी वरून त्यांचे विरळ होत गेलेले केस पाहत असे. तक्रार करावी असे काही नव्हते. आम्ही दोघेही आपापल्या जागी शांत होतो. मग ते पत्र आले.

बळवंतरावांनी ते उभ्यानेच वाचले. त्यांचा चेहरा पडला. आशालताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले, “कुणाचं हो?”

“एका विद्यार्थिनीचं. सहज लिहिलंय,” असे म्हणून त्यांनी ते एका जाड पुस्तकात सरकवले. पण रोज दुपारी ते पुस्तक उघडू लागले. मी वरून पाहत होते. पत्रात एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. ‘दुसरा डोळा कशासाठी होता, सर? ते तुम्ही कधी शिकवलं नाहीत.’

ती ओळ वाचली की ते मान वर करून माझ्याकडे पाहत. मग आपल्याशीच बोलत. “खरंच शिकवलं नाही. पंधरा वर्षं पोरांना अर्धा धडा देऊन पाठवलं. मी कधी उडालो नाही, मला काय ठाऊक? नाही ते काम अंगावर घेतलं.” त्यांनी आपली सगळी जाडजूड पुस्तके धुंडाळली. दुसऱ्या डोळ्याचे उत्तर एकातही नव्हते, कारण त्या पुस्तकांतल्या एकाही विमानाला डोळे नव्हते. उत्तराची सुरुवात त्यांनी कितीदा केली कुणास ठाऊक. ‘चि. अवंतीस’ एवढे लिहून ते कागद खूण म्हणून निरनिराळ्या पुस्तकांत घालून ठेवले. गणपती गेले, दिवाळी गेली, थंडी गेली.

होळी झाल्यावर आशालताबाईंनी घर झाडायला काढले. त्या काही बळवंतरावांसारख्या नाहीत. त्यांनी पुस्तके उचलून धडाधड आपटायला सुरुवात केली. प्रत्येक पुस्तकातून ‘चि. अवंतीस’ गळू लागले. तिसरा कागद उचलताना त्या थबकल्या.

“अहो, ही अवंती कोण?”

बळवंतराव खुर्चीत आणखी खाली सरकले. तेवढ्यात चौथ्या पुस्तकातून मूळ पत्रच पडले. आशालताबाईंनी चष्मा लावला, स्टुलावर बसल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या.

“‘आदरणीय सर, ओळखलंत का? टोपणं चावणारी अवंती. सर, मागच्या महिन्यात मी मेले. घाबरू नका, कागदावर मेले.’”

आशालताबाईंना खुदकन हसू आले. बळवंतरावांनी आश्चर्याने वर पाहिले.

“‘सरावात जमिनीवरून धुराचे खोटे बाण सोडतात ना, त्यातला पहिला मी चुकवला. अगदी आपल्या विमानासारखा, उजव्या डोळ्यात धरून. इतकी खूश झाले, इतकी खूश झाले, आणि डावीकडून दुसरा आला. तो मी पाहिलाच नाही. सोबतच्या विमानातला माझा जोडीदार तेव्हा डोंगराआड होता. रेडिओवर पंच म्हणाले, मॅडम, आपण वारलात.’”

आता मात्र आशालताबाईंना वाचता येईना. त्यांनी पदर तोंडाला लावला. “अहो, काय गोड पोरगी आहे ही! पुढं ऐका. ‘आमच्याकडे मेलेल्याने संध्याकाळी सगळ्यांना सामोसे द्यायची रीत आहे. सगळ्यांनी दोन दोन खाल्ले, माझ्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून. पण सर, तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. दुसरा डोळा कशासाठी होता, सर? ते तुम्ही कधी शिकवलं नाहीत. ज्याने डोळे केले त्याने दोन केले, म्हणजे त्याला काहीतरी म्हणायचं असेल. जूनपासून मला नव्या मुलांना शिकवायला उभं करणार आहेत. त्यांच्यावर सामोसे द्यायची वेळ येऊ नये, खरोखर मरायची तर नाहीच. त्याआधी कळवाल ना? ते विमान आहे का अजून?’”

बळवंतरावांनी चष्मा काढून पुसला.

“हे असं आहे?” ते म्हणाले.

“असं म्हणजे कसं? तुम्ही वाचलंत ना?”

“वाचलं. शंभरदा वाचलं. पण मला ते... रागावून लिहिलेलं वाटलं.”

“रागावून? अहो, ती खदखदा हसतेय!” आशालताबाईंनी कागद त्यांच्यापुढे हलवला. “तुम्ही शिकवलं नाहीत म्हणजे, राहिलेलं शिकवा म्हणतेय ती. आठ महिने! नंबर दिलाय खाली, लावू का आत्ता?”

“नको, नको! मला उत्तरच माहीत नाही. फोनवर काय सांगू?”

“मग ज्यानं डोळे केले त्याला विचारा.”

“बावीस वर्षं मी त्याच्या दारात गेलो नाही, आशा.”

“मग आणखी बावीस वर्षं थांबा. पोरं जूनमध्ये येणार आहेत.” असे म्हणून त्यांनी मला कपाटावरून खाली काढले आणि फडक्याने पुसू लागल्या. पुसता पुसता विचारले, “आणि याच्यावर बाण कसला सोडायचात वर्गात?”

बळवंतराव खाली पाहत म्हणाले, “तुझी सुई होती. विणायची.”

“माझी नऊ नंबरची सुई!” आशालताबाई ओरडल्या. “मी घरभर शोधली ती! मोलकरणीवर आळ घेतला मी, बिचारी बायडी आठवडाभर बोलत नव्हती माझ्याशी!” त्या तरातरा आत गेल्या आणि कापडी पिशवीतून एक लोखंडी सुई घेऊन आल्या. “ही तिची जोडीदारीण. बावीस वर्षं बसून आहे. एका सुईनं कधी विणता येतं का हो?”

बळवंतराव त्या सुईकडे बघतच राहिले. मीही बघत राहिले. पंधरा वर्षे आमच्या वर्गात बाण एकटाच आला होता, कारण दुसरा इथे पिशवीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापडी पिशवीतून नाक बाहेर काढून जामसरच्या जीपमध्ये बसले होते. बळवंतरावांनी वाटेत दोनदा परत फिरायचे ठरवले. रंगूदादाने ओळखले नाही तर? ओळखून हाकलले तर? आणि तिसरे ‘तर’ ते मनातही नीट उच्चारत नव्हते. रंगू तेव्हाच पन्नाशीचा होता.

अंगणात एक बाई मोहाची फुले वाळत घालत होती. ती रंगूची सून हिरी. बळवंतरावांनी घसा खाकरून विचारले, “रंगूदादा... आहेत का?”

हिरी सरळ उभी राहिली. “बाबा? बाबा तं गेला.”

बळवंतरावांनी पायांतल्या वहाणा काढल्या.

“खाली ओढ्यावं गेला, आंघोलीला,” हिरी पुढे म्हणाली. “येल आता. बसा की, उन्हात का उभं?”

बळवंतराव ओट्यावर बसले. पाणी मागितले आणि तांब्याभर प्यायले. मित्रांनो, त्या क्षणी मला इतके हलके वाटले की वाऱ्याची झुळूक आली असती तर मी उडालेच असते.

रंगू आला तो काठी टेकत. त्याच्या डोळ्यांवर पडदा आला होता, माणसे त्याला सावलीसारखी दिसत. बळवंतरावांनी नाव सांगितले. मग मला त्याच्या हातात दिले. रंगूने माझे पंख चाचपले, शेपूट चाचपली. मग त्याचा खरबरीत अंगठा माझ्या नाकावरून मागे सरकला आणि उजव्या डोळ्याच्या खोबणीत थांबला. मग डाव्या.

“हायेत,” तो म्हणाला. “खरवडले नाय तू.”

“नाही, रंगूदादा. पंधरा वर्षं यांच्यावरच शिकवलं. पोरं हात लावून परीक्षेला जात.”

“आन माना आज सांगतो?” रंगूने खोट्या रागाने विचारले; त्याच्या बोलीत ‘माना’ म्हणजे मला. “मी समजला, मास्तरानं चुलीत घातला असंल!” आणि तो असा हसला की हिरीने मोहाची फुले सोडून वळून पाहिले.

मग बळवंतरावांनी सगळे सांगितले. अवंती, पहिला बाण, दुसरा बाण. शेवटी म्हणाले, “तिनं विचारलंय, दुसरा डोळा कशासाठी. मला सांगता आलं नाही. मी एकच शिकवत राहिलो.”

रंगूने मला हातात एकदा फिरवले.

“तू बोहाडा बगितला ना? दैत्याचा मुखवटा लय जड. डोल्याची भोकं बारीक, पुढं. तं मी तरवार घेऊन नाचाचा, तवा माना दिसं फकस्त समोरचा देव. बाजूनं कोन येतं, मशाल कठं, दगड कठं, काय नाय दिसं. समोरच्यावरून नजर निघतच नाय ना! म्हनून दैत्याच्या पाठीमागं एक मानूस असतं, कमरेला धरून. तो बाकीचा बगतं. माझ्यामागं मंगळू असं. एकदा तो पानी प्याला गेला आन मी धाडकन ढोलवाल्यावं पडलू.” रंगू पुन्हा हसला. “मंग तू चित्र घेऊन आला. मी म्हनला, या इमानाला वर आभालात पाठीमागून कोन धरील? म्हनून डोले पुढं नाय दिले. बाजूला दिले. एक मारनाऱ्यावं. एक बाकीच्यावं.”

बळवंतरावांनी वाकून माझा डावा डोळा पाहिला. मग म्हणाले, “एवढं साधं. आणि मी विचारलंच नाही.”

“तू विचारला नाय, मी सांगितला नाय,” रंगू म्हणाला. “दोगं सारखं. आता चा घे.”

चहा होईपर्यंत त्याने हिरीकडून काजळी आणि तेल मागवले. आणि नजरेने नाही, नुसत्या बोटाने, माझी दोन्ही बुबुळे पुन्हा काळी केली. उजवे जरा मोठे झाले आणि डावे जरा तिरके. पण मला कितीतरी वर्षांनी स्वच्छ दिसू लागले.

घरी आल्यावर बळवंतरावांनी टेबलावर पुस्तकांचे डोंगर रचले. आशालताबाईंनी उरलेल्या सुईच्या जोडीला बाजारातून तशीच एक नवी आणली होती. दोन्हींना लाल कागद डकवले. मग त्या पदर खोचून उभ्या राहिल्या, आणि सात वर्षांनी मी पुन्हा हवेत गेले.

“हा आला हं पहिला!” आशालताबाई उजवीकडून सुई रोखत म्हणाल्या.

“उजव्या डोळ्यात घेतला. सूर मारला. एक, दोन...” आणि इथे बळवंतरावांनी, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःची मान गर्रकन डावीकडे फिरवली. तिथून दुसरी सुई त्यांच्या बनियनकडे निघालीच होती.

“दिसला!” ते ओरडले.

“मग चुकवा की!”

त्यांनी मला असे वळवले की एक डोंगर कोसळला आणि दुसरी सुई त्यात अडकली. दोघेही धापा टाकत हसत खाली बसले. त्या दोघांना असे हसताना मी या घरात पाहिले नव्हते.

पत्र त्यांनी त्याच दुपारी लिहिले, एका बैठकीत, न खोडता. मला टेबलावरून वाचता येत होते. ‘चि. अवंतीस अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, दोष माझा आहे. धडा अर्धा होता, तो दोषही माझाच. माझ्याकडे सुई एकच होती. ज्यांनी डोळे केले त्यांना विचारून आलो. एक डोळा मारणाऱ्यावर, एक बाकीच्यावर. जोडीदार आड गेला असेल तर त्याचे काम तुलाच करायचे आहे. वाट पाहण्याच्या त्या चार अंकांत एकदा मान दुसरीकडे फिरवून आण. समोरच्या संकटावरून क्षणभर नजर काढणे हेच सर्वांत अवघड असणार. मी उडालेलो नाही, म्हणून तू आधी जमिनीवरच्या सरावाच्या यंत्रावर करून पाहा, चुकत असेल तर मला बिनधास्त कळव. सोबत विमान पाठवतो. ते कपाटावर ठेवण्यासाठी नाही.’

ती शेवटची ओळ वाचून मला गलबलून आले, मित्रांनो. तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल आणि तिच्यात काही विचित्र दिसले, तर ते खरवडण्याआधी करणाऱ्याला विचारा. तो आहे तोवर विचारा. आणि कुणाचे पत्र आले तर एकदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐका. आपल्या मनातला आवाज फार कडक वाचतो.

आज सकाळी आम्ही जव्हारच्या पोस्टात आलो. मी बुटाच्या खोक्यात, भाताच्या पेंढ्यावर निजले होते. दोन्ही सुया माझ्या दोन बाजूंना होत्या. झाकण अजून उघडेच होते. खिडकीत वर्षा नावाची तरुण कारकून बसली होती.

“आत काय आहे, काका?”

बळवंतरावांना खोटे बोलता येत नाही, आणि घाबरले की ते जास्तच खरे बोलतात. “एक विमान,” ते म्हणाले. “आणि दोन क्षेपणास्त्रं.”

मागची रांग गप्प झाली. वर्षाचा हात हवेतच राहिला.

“सुया आहेत गं बाई, विणायच्या!” आशालताबाई मागून पुढे घुसल्या. “आणि लाकडाचं खेळणं. यांचं काही ऐकू नकोस.”

“खेळणं नाही,” बळवंतराव हळू पण ठाम आवाजात म्हणाले. “धडा आहे. आता पूर्ण आहे.”

वर्षाने खोक्यात डोकावून पाहिले. माझ्या तिरक्या डाव्या डोळ्याने मीही तिच्याकडे पाहिले. “अगंबाई, हे तर आपल्या बोहाड्यातलं दिसतंय!” ती हसली, रांगही हसली, आणि तिने झाकण लावून चिकटपट्टी ओढली.

आत अंधार झाला. मग माझ्या डोक्यावरच, पुठ्ठ्यावर, धप्पकन शिक्का बसला. त्या पाठोपाठ बाहेर कुणीतरी इतका लांब श्वास सोडला की मला तो पेंढ्यातूनही ऐकू आला. तो आठ महिने धरून ठेवलेला होता.